किकवीच्या घरातली पांढरी साडी

लग्नाला वर्ष होत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. किकवीला आमच्या बाहेरच्या खोलीत, बुद्धांच्या फोटोशेजारी, माझी लग्नातली साडी काचेच्या फ्रेममध्ये लावलेली होती. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते... माझी पांढरीशुभ्र, बारीक सोनेरी काठाची.

लग्नाचे फोटो आलेच नाहीत, कॅमेऱ्यातला रोल खराब निघाला. मी फार रडले, म्हणून ह्यांनी भोरहून फ्रेम करून आणली आणि स्वतः खिळे ठोकून साडी भिंतीवर लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचे.

शेजारच्या काकूंना मात्र ती खटकायची. एकदा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, नवरा असलेल्या बाईने पांढरं असं समोर टांगू नये. मी हसून सोडून दिलं. आमच्या घरात असलं कुणी मानत नव्हतं.

पावसाळ्यात एक दिवस हे टेम्पो घेऊन वेल्ह्याला गेले, तांदळाची पोती आणायला. जेवायला घरी येतो म्हणाले होते. दुपार टळली, पाऊस थांबेना... आणि मग त्या बाजूने आलेल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, विंझरच्या पुढे एक टेम्पो ओढ्यात गेलाय. निळा.

आमचा टेम्पो निळा होता.

तेव्हा घरोघरी मोबाईल कुठले! धाकटे दीर एसटीडी बूथवर धावले, पण वेल्ह्याला फोन लागेना. मग ते तसेच मोटारसायकलवरून निघाले. घरात राहिलो मी आणि सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणायचे.

कुठेही बसलं तरी समोर साडी... लाईट गेलेली, खोली अंधारलेली, आणि तेवढीच एक पांढरी दिसत होती. काकूंचं बोलणं डोक्यातून जाईना. वाटलं, हे मीच ओढवून घेतलं.

मी उठले, स्टूल ओढलं, वर चढले आणि फ्रेमला हात घातला.

"खाली उतर," आत्या दारातून म्हणाल्या. मी हलले नाही, तशा जवळ आल्या. "त्यानं लावलीया. काढायची आसंल तर त्यो यिऊन काढंल."

आवाज अगदी शांत होता. पण मला उतरवायला त्यांनी हात धरला, तेव्हा कळलं... तो हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता.

आम्ही दोघी तिथेच भिंतीला टेकून बसलो. त्या त्रिसरण म्हणायला लागल्या, मी त्यांच्या मागून. मध्येच शब्द हरवायचे, मग परत पहिल्यापासून...

दिवेलागणीला मोटारसायकलचा आवाज आला. मागच्या सीटवर हे होते. शर्टवर रक्त.

रक्त दुसऱ्याचं होतं. ओढ्यात गेलेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरला ह्यांनी आणि तिथल्या लोकांनी बाहेर काढलं होतं, आमच्याच टेम्पोतून दवाखान्यात पोचवलं होतं. त्याचा पाय मोडला, जीव वाचला. परत येताना आमचा टेम्पो चिखलात रुतला, आणि तिथे ह्यांना दीर भेटले.

पाणी पिऊन झाल्यावर ह्यांचं लक्ष स्टुलाकडे गेलं. हे इथं कशाला, म्हणून विचारलं. मी मान खाली घातली.

"काच पुसत व्हती," आत्या म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

आता आत्या नाहीत. माझी मुलगी नोकरीवरून उशिरा येते, तेव्हा माझा जीव कसा खालीवर होतो ते मला माहीत आहे... त्या दिवशी पोटचा पोरगा घरी आलेला नसताना त्यांनी आधी मला सांभाळलं. हे त्यांच्यासमोर कधी बोलले नाही, म्हणून आज इथे लिहिलं.