मठाधिपतीचं नाव खोडताना

माझ्या वहिनीला राग धरून ठेवता येतो, आणि मला त्याचा अभिमान आहे. आमच्या घरात बाकी सगळे भडकतात आणि जेवणापर्यंत विसरतात.

लिफ्टच्या कंट्रोलरचे प्रोग्राम लिहिणं ही तिची नोकरी. दादा गेल्यावर ती रोज संध्याकाळी त्याच्या टेबलाशी बसू लागली. दादाला पार्लरमधल्या जुन्या व्हिडिओ गेमचा नाद. नाणं टाकून खेळायची ती मोठाली कपाटं आता भंगारात गेली. पण ते गेम साध्या कॉम्प्युटरवर चालावेत म्हणून हौशी माणसं मिळून एक एम्युलेटर लिहितात, फुकट. त्यातला रीकंपायलर दादाने लिहिला. जुन्या प्रोसेसरच्या सूचना आजच्या प्रोसेसरला कळतील अशा, खेळ चालू असतानाच, बदलून देणारा भाग. त्याने तो तपासायला म्हणून प्रकल्पाच्या प्रमुखाकडे पाठवला. त्या माणसाला आम्ही मठाधिपती म्हणतो. मठाधिपतीने तो सरळ स्वतःच्या नावावर चढवला. दादाने जाब विचारला तर म्हणे, "अहो, इथे तुझं-माझं काय असतं?" हे भांडण चालू असतानाच दादाचं हृदय बंद पडलं. आम्ही प्रकल्पातल्या बाकीच्यांकडे तक्रार केली, तर गेलेल्या माणसाच्या नावाने वाद नकोत असं उत्तर आलं. मेल्यांना लाज नाही.

त्या प्रकल्पाचा एक नियम आहे. फाइल लिहिणाऱ्याचं नाव तिच्या वर राहतं, पण त्याची एखादी तरी ओळ आत शिल्लक असेपर्यंतच. वहिनीने तो वाचला आणि म्हणाली, "भाऊजी, त्या मठाधिपतीच्या नावावरची एक ओळ ठेवणार नाही मी."

नुसतं खोडून चालत नाही. नवी ओळ जुनीपेक्षा सरस हवी आणि सगळे गेम पुन्हा चालवून दाखवावे लागतात. वहिनी माहेरच्या आडनावाने आत शिरली. आधी ड्रायव्हर घेतले, म्हणजे एकेका मशीनचा आवाज, पडदा, बटणं यांची नक्कल करणारे भाग. मोटारींच्या गेममध्ये पुलावर गाडी आली की आवाज फाटायचा, तो तिने नीट केला. विश्वास बसल्यावर रीकंपायलर उघडला. त्यात प्रत्येक बेरजेनंतर हातचा आला का, शून्य आलं का, हे नोंदवलं जायचं. तिने ते गरज पडेल तेव्हाच करायला लावलं. गेम सुसाट पळू लागले. मठाधिपती स्वतः मंजुरी द्यायचा आणि वर लिहायचा, "ताई, कमाल करता!" आपल्याच हाताने आपलं नाव पुसतोय याचा त्या शहाण्याला पत्ता नव्हता. मी ती कौतुकं नाट्यमय आवाजात वाचून दाखवायचो. वहिनी हसायची नाही.

शेवटी एकच भाग उरला. काही गेम चालता चालता स्वतःच्याच सूचना बदलतात; ते हेरून तेवढाच तुकडा नव्याने बदलून देणारा. दादाचं सगळ्यात देखणं काम. इतक्या वर्षांत कुणाला त्यात काही सुधारावंसं सुचलं नव्हतं. वहिनी हटून बसली. काही चुकलं की पडद्यावरची विमानं हवेतच गोठायची, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"वहिनी, एवढं राहू दे," मी म्हणालो. "हे दादाचं आहे."

"वर नाव कुणाचं आहे?"

"पण लिहिलंय तर त्याने!"

"म्हणूनच चोराच्या घरात ठेवायचं नाही."

एका रविवारी सकाळी जमलं. विमानं उडाली, गेम आधीपेक्षा हलका चालला. मठाधिपतीने नेहमीसारखी मंजुरी दिली. दोन-तीन दिवसांनी त्याचा निरोप आला, 'ताई, फाइलीवरचं माझं नाव चुकून गेलंय का?' वहिनीने लिहिलं, 'नियम वाचा.' आणि खाली पहिल्यांदाच सासरच्या आडनावाने सही केली. दादाच्या आडनावाने. मठाधिपतीने आपला प्रश्न गुपचूप पुसून टाकला.

मी टेबलावर हात आपटून ओरडलो, "जिरली! चांगली जिरली!" असा आनंद मला दादा गेल्यापासून झाला नव्हता. वहिनी विमानांकडे बघत होती.

"हो, जिरली," ती म्हणाली. "पण भाऊजी, आता तुमच्या दादाचं चालतं असं काही उरलं नाही."