इथे कोणी नातेवाईक?

बोटीवरून उतरणाऱ्या परदेशी पर्यटकांचे पासपोर्ट तपासणाऱ्या बाईंना अख्खं बंदर ‘घार’ म्हणायचं. त्यांच्या खिडकीवर कुणाची थाप पचली, असं कधी झालं नाही.

त्या सकाळी परदेशी लोकांच्या रांगेतून त्यांचा पोटचा पोरगा पुढे आला, बायकोसकट. तिकडचं नागरिकत्व मिळालं आणि चिरंजीवांचा आईला येणारा फोन बंद झाला, तो कायमचा. बाईंनी चष्मा पुसला आणि सगळ्यांना विचारायचं तेच विचारलं.

“मुक्काम कुठे आपला?”

“बोटीवरच. संध्याकाळी निघतोय.”

“इथे कोणी नातेवाईक?”

त्याने बायकोकडे चोरून पाहिलं. “कोणी नाही.”

धडधडीत खोटं. पण उभ्या नोकरीत पहिल्यांदाच घारीने ते पकडलं नाही. तिने शिक्का हाणला आणि ओरडली, “चला, पुढचे!”