रानगुलाबाचं सार

"अन्न आहे ते. औषध म्हणू नकोस." असं म्हणत काकू अंगठ्याच्या नखानं रानगुलाबाचं लालबुंद फळ उभं चिरायच्या. आतले बारीक केस घशाला खाजतात, म्हणून ते बियांसकट खरवडून काढल्याशिवाय फळ कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत.

ख्राइस्टचर्चमध्ये आमच्या शेजारी राहायच्या, हॉस्पिटलात फार्मासिस्ट होत्या. तुमच्याही ओळखीत अशी एक बाई असेल, जिच्याशी वाद घालायचा तर आधी पाणी पिऊन बसावं लागतं. या फळांचं त्या सार करायच्या. गूळ, जिऱ्याची फोडणी, आणि गर घालण्याआधी गॅस बंद. "उकळत ठेवलंस की क जीवनसत्त्व गेलं. मग पी आंबट पाणी."

घरामागच्या टेकडीवरची ही झुडपं नगर परिषदेनं तण ठरवून फवारणीनं मारायचं घाटलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. खायची वस्तू तण कशी? मी पत्रक लिहिलं: सर्दी पळवा, सांधे वाचवा, रानगुलाब वाचवा. काकूंनी पहिल्या दोन गोष्टी खोडल्या. नुसत्या सारासाठी फवारणी कोण थांबवणार, मी विचारलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

तरी परिषदेच्या सुनावणीला त्यांना घेऊन गेले. फार्मासिस्टच्या शब्दाला वजन असतं. अध्यक्षबाईंनी विचारलं, यानं एखादा आजार बरा होतो का? मी टेबलाखालून काकूंची बाही ओढली.

"नाही," काकू म्हणाल्या. "क जीवनसत्त्व संत्र्याहून जास्त आहे. आजार बरा होतो असं मी म्हणणार नाही."

फवारणी मंजूर. परतताना गाडीत मी नाही नाही ते बोलले. एक 'हो' म्हणायचं होतं, काकू, एक.

"उद्या कुणी गोळ्या बंद करून सार पीत बसला, तर त्याच्या घरच्यांना तू भेटायला जाशील?"

मी रेडिओ लावला.

पुढच्या महिन्यात त्या लेकीकडे ऑकलंडला गेल्या, कायमच्या. माझा राग गेलेला नाही. टेकडीवर नुसत्या करड्या काटक्या उरल्यात. पण मला दिसते ती त्या जाण्याआधीची, फवारणीची सकाळ. पाठीवर टाकी घेतलेला पोरगा खाली थांबलेला, "स्वीट अ‍ॅज, आंटी, काही हरकत नाही, सावकाश," म्हणणारा. काकू मनगटं ओरबाडून घेत शेवटचं झुडूप रिकामं करतायत. मग पिशवी सांभाळत उतरल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्याच्या गळ्यात लोंबणारा मास्क वर ओढून नाकावर नीट बसवला.