उलटी बसलेली कडी

गिरधर बोरसे जेवायला बसले की मीटर ताटाशेजारी ठेवायचे. धुळ्याच्या देवपुरातल्या त्यांच्या घरात हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. सगळ्यांच्या म्हणजे एकट्या ज्योत्स्नाबाईंच्या, कारण दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या. टॉवर, वायरलेस सेट, अँटेना यांतच गिरधरभाऊंची तीस वर्षं गेली. साखर कारखाना असो, सूतगिरणी असो, कुठलाही सेट बंद पडला की निरोप त्यांनाच यायचा. मीटर लावायचं, आकडा वाचायचा आणि निकाल द्यायचा. त्यांच्या निकालावर कुणी अपील करत नसे.

पांझरा आरोग्य मंडळाच्या पाच अँब्युलन्स होत्या. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी मोबाइलला रेंज नसते, म्हणून मंडळाने वायरलेस ठेवली होती. सोनगीरजवळच्या एका टेकडीवर रिपीटर होता. गाडीतून आलेला बारीक आवाज तो ऐकायचा आणि त्याच क्षणी मोठा करून चहूकडे फेकायचा. देवपुरातल्या कंट्रोल रूममध्ये चारुलता सेटसमोर बसायची. कुठल्या गाडीत कोण पेशंट आहे, कुठल्या दवाखान्यात सोय तयार आहे, ही सांगड तीच घालायची. पाच वर्षांत तिने एकही कॉल चुकवला नव्हता.

मागच्या पावसाळ्यात टेकडीवरची जुनी अँटेना वाऱ्याने तडकली. फायबरची उभी काठी होती ती. मंडळाचे अध्यक्ष रुपचंद नाना तशाच काठीचं पत्रक घेऊन गिरधरभाऊंच्या ओट्यावर आले.

"हीच आणू. ओळखीची आहे."

"नाना, रिपीटर ऐकतो एका फ्रिक्वेन्सीवर आणि बोलतो दुसरीवर. दोन्ही कामं एकाच अँटेनातून. ही काठी एकीला चांगली, दुसरीला जेमतेम. उद्या फ्रिक्वेन्सी बदलून मिळाली तर फेकून द्या. खापरावर मांडेच होतात. तुम्हाला तवा पाहिजे. भाकरी टाका, पोळी टाका, धिरडं टाका."

"म्हणजे कुठली?"

"चार कड्यांची. सगळा पट्टा घेते. वीज पडली तरी जमिनीत उतरवते."

नाना हसले. "ज्योत्स्नावहिनी, तुमच्या घरी अँटेनासुद्धा चुलीवर चढते."

"चढते ना," आतून ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "उतरवायला मात्र मीच लागते."

चार कड्यांची अँटेना आली ती नेमकी खंडेनवमीला. लांबट, जाड नळीच्या चार कड्या, अरुंद दारातून तिरक्या करून आणाव्या लागल्या. त्या एका उभ्या खांबावर एकाखाली एक बसवायच्या असतात. प्रत्येक कडीच्या एका टोकाला कंपनीने लाल रंगाचा बारीक ठिपका दिलेला असतो. तो ठिपका चारही कड्यांत वर आला पाहिजे. एक जरी उलटी बसली तरी ती बाकीच्यांच्या विरुद्ध ओढते.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा. ज्योत्स्नाबाईंनी ओसरीवर पाट मांडला, पक्कड, पाने, कमरेचा पट्टा, मीटर ओळीने ठेवलं. पाटाच्या पुढे चारही कड्या निजवल्या.

"अहो, यांना आधीच कुणी टिळा लावलाय."

"कंपनीचा ठिपका आहे तो. तू तुझं लाव. नव्या वस्तूला पहिलं कुंकू घरचं."

त्यांनी तेलात कुंकू कालवलं आणि आपल्या बाजूला आलेल्या टोकांना एकेक बोट टेकवलं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, गिरधरभाऊ टॉवरवर चढले. खाली नाना नारळ घेऊन उभे होते, घरी पुरणपोळी वाट बघत होती. लाल दिसलं की वर, लाल दिसलं की वर. चार कड्या तासाभरात बसल्या. खाली येऊन मीटर लावलं. आकडा एक पूर्णांक दोन. याहून चांगला आकडा बसवणाऱ्याला मिळत नाही. सोनं वाटून झालं.

कुरकुर दिवाळीनंतर सुरू झाली. चारुलता म्हणाली, "गिरधरभाऊ, धुळ्यातल्या गाड्या ठणठणीत येतात. पायथ्याच्या गाडीचा नुसता खर्रर्र. नवी अँटेना लागल्यापासून." तिने वहीत वेळ, गाडी आणि गाव असं सगळं लिहून ठेवलं होतं. वही पुढे केली.

गिरधरभाऊंनी ती उघडलीसुद्धा नाही. टेकडीवर जाऊन खालूनच मीटर लावलं. एक पूर्णांक दोन.

मग डिसेंबरमध्ये ते झालं. पायथ्याच्या एका पाड्यावरून दोन नंबर गाडीचा ड्रायव्हर भटू एका गरोदर बाईला घेऊन निघाला. बाई अडली होती. कुठे न्यायचं, शिरपूर की धुळे, म्हणून तो पाऊण तास कंट्रोलला हाका मारत होता. उत्तर नाही. शेवटी रस्त्याच्या कडेला गाडीतच बाळ झालं. दोघं वाचली, पण मंडळाची बैठक बसली.

नानांनी विचारलं, "अँटेना?"

"अँटेनात खोट नाही," गिरधरभाऊ म्हणाले. मीटर त्यांनी टेबलावर ठेवलं होतं. "मशीन डुलकी घेत नाही नाना. माणूस घेतो."

लोक हसले. चारुलता भिंतीशी उभी होती, हातात ती वही. तिने वही पदराखाली घेतली.

तिला स्टोअरला टाकलं. चादरी मोजायच्या, गॉझ कापायचा. सेटवर भूषण नावाचा नवा माणूस आला. गाड्यांचे ड्रायव्हर आपसांत बोलताना सेटवरच विचारू लागले, "डुलकीबाईचं काय चाललंय?" पाचही गाड्यांत ते ऐकू जायचं. स्टोअरची भिंत कंट्रोलला लागून होती.

चारुलता त्याच गल्लीत राहायची. संक्रांतीला ती ज्योत्स्नाबाईंकडे वाण न्यायला आली नाही. ज्योत्स्नाबाईंनी तिच्या वाट्याचं वाण डब्याखाली ठेवून दिलं.

फेब्रुवारीत भूषणलाही पायथा ऐकू येईना. आता दोघांना डुलकी लागते असं म्हणता येणार नव्हतं. गिरधरभाऊ हळूहळू एकेक वस्तू तपासत गेले. सेट बदलून पाहिला. केबलमध्ये पाणी शिरलं असेल म्हणून जोड उघडले. आत कोरडं ठाक. खालून अँटेनाची केबल सोडवून तिच्या जागी ताकद जिरवणारा नुसता भार जोडून रिपीटर चालवला, रिपीटर निर्दोष. प्रत्येक वेळी मीटर म्हणायचं एक पूर्णांक दोन.

"जेव्हा बघावं तेव्हा बरोबर सांगतंय," ते जेवताना मीटरकडे बघत म्हणाले.

"काय सांगतं ते नेमकं?"

"वर पाठवलेल्यातलं परत किती आलं, ते. परत काही येत नाही, म्हणजे सगळं गेलं."

ज्योत्स्नाबाईंनी भाकरी वाढली. "ताट रिकामं आलं म्हणजे पोटात गेलंच असं नाही. मांजरालाही जातं."

गिरधरभाऊंचा हात थांबला. पाठवलेलं गेलं होतं, पण कुठे गेलं हे मीटरला ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये ते चढले. छप्पन्नाव्या वर्षी, ज्योत्स्नाबाईंशी भांडून. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस दोनदा झोडपून गेला होता, कड्या धुऊन लख्ख झाल्या होत्या. वरून पहिली, ठिपका वर. दुसरी, ठिपका वर. तिसरीचा ठिपका खाली.

ते पट्ट्यावर टेकून तिच्याकडे सरकले. मग तिसरीच्या वरच्या टोकाला, पकडीच्या खाचेत, बोट घालून पाहिलं. नखाला लालसर तेलकट आलं. बोटाने चोळल्यावर ते पसरलं. रंग पसरत नाही. कुंकू पसरतं.

ओसरीवर ही कडी उलटी निजवली असणार. कुंकू एका टोकाला, रंग दुसऱ्या. त्यांनी वर बसवताना एकच टोक पाहिलं होतं. तीन कड्या आवाज दूर ढकलत होत्या, ही उलटी तो ओढून घेत होती, आणि उरलेला आवाज आभाळात नि जमिनीत जिरत होता. जवळच्यांना पुरायचा, लांबच्यांना नाही.

त्यांनी पाने काढले, कडी फिरवली आणि उतरले. खाली उभ्या मंडळाच्या गाडीतल्या सेटवर हाक दिली, तर भटूचा आवाज आला, अगदी पायथ्यावरून. "गिरधरभाऊ, आते बठ्ठं साफ ऐकू ई राहिनं! काय जादू कयी?"

त्यांनी बटण दाबलं. "जोडात पाणी होतं," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून असं सहज गेलं की त्यांचं त्यांनाच कळलं नाही. बटण सोडल्यावर कान गरम झाले.

घरी ज्योत्स्नाबाईंनी पाणी दिलं. "सापडलं?"

"तुझं कुंकू," ते म्हणाले आणि सगळं सांगितलं.

त्या तांब्या हातात घेऊन ऐकत राहिल्या. "कुंकू माझं. लाव म्हणालं कोण? चढवली कोणी? घाई कुणाला होती?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि तिला डुलकी लागते हे मी म्हटलं का हो?"

त्या दिवशी मीटर ताटाशेजारी आलं नाही.

सकाळी ते स्टोअरमध्ये गेले. चारुलता चादरींच्या घड्या घालत होती. ती उठली नाही.

"चारुताई, चूक माझी होती. कडी उलटी बसली होती."

"ते मला माहीत होतं."

"कडीचं?"

"कडीचं नाही. मला झोप लागली नव्हती, ते." तिने घडी दाबून बसवली. "हे मला कशाला सांगता, भाऊ? मी एकटीच तर आहे इथे."

"नानांना सांगतो. बैठकीत सांगतो."

"बैठकीत एकदाच म्हणालात तुम्ही. सेटवर तीन महिने चाललंय. पाचही गाड्यांत." तिने मान वर केली. "तिथेच सांगा."

गिरधरभाऊंनी कपाळ पुसलं. सेट म्हणजे पाच ड्रायव्हर, त्यांचे मदतनीस, मागे बसलेले पेशंट, पाड्यांवर उघडा ठेवलेला प्रत्येक सेट. तीस वर्षं ज्यांनी त्यांच्या आकड्यावर अपील केलं नव्हतं, ते सगळे. नानांच्या कानावर घालून, तिची बदली गुपचूप परत करून घेता आली असती. ही वाट त्यांना स्टोअरच्या दारात उभ्या उभ्या दिसली, आणि आपल्याला ती आवडली, हेही दिसलं.

ते शेजारच्या कंट्रोल रूममध्ये गेले. भूषण उठून उभा राहिला. चारुलता मागून येऊन दाराशी थांबली.

त्यांनी बटण दाबलं. "सगळ्या गाड्यांना. गिरधर बोरसे बोलतोय. दसऱ्याला मी अँटेनाची एक कडी उलटी बसवली. म्हणून पायथा ऐकू येत नव्हता. जोडात पाणी नव्हतं, ते मी काल खोटं बोललो. चारुताई जागी होती. तिने मला वही दाखवली होती, मी उघडली नाही. डुलकीचं मी म्हटलं होतं. ऐकलं असेल तर कळवा."

बटण सोडलं. मग नियमाप्रमाणे गाड्या एकेक करून बोलू लागल्या.

"एक नंबर, ऐकलं."

"तीन नंबर, ऐकलं."

"चार. ऐकलं भाऊ."

"पाच. हो." इथे कुणीतरी हसल्यासारखं वाटलं, किंवा गाडी खड्ड्यात गेली असेल.

दोन नंबर भटूची होती. ती सगळ्यात लांब होती, पायथ्याच्याही पुढे. मीटर सांगू शकलं नसतं तितक्या लांब. गिरधरभाऊ मनातल्या मनात म्हणाले, निदान त्याला तरी पोचलं नसेल.

"दोन नंबर," भटूचा आवाज आला, शेजारच्या खोलीतून बोलावा तसा. "ऐकाले ऊनं भाऊ. एक एक शब्द साफ शे."

चारुलता पुढे आली. तिने भूषणची खुर्ची थोडी सरकवली, पदराखालची वही टेबलावर उघडली आणि पाचही गाड्यांच्या वेळा लिहायला घेतल्या. गिरधरभाऊ उभेच राहिले. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.