कुणीच न कापलेली शीर

निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी ते मनगट अजून डोळ्यांपुढे येतं. तेव्हा मी सांगोल्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

मेंढ्यांची लोकर कातरताना चुलता-पुतणीत बांधावरून वाद पेटला. झटापटीत तिच्या हातातली कातर चुलत्याच्या डाव्या मनगटाला लागली. टाके पडले, जखम भरली, पण शीर तुटली म्हणून चुलत्यानं तो हात कामातूनच काढला. डॉक्टरांच्या दाखल्यातही तशी शंका होती, म्हणजे गंभीर दुखापतीचं कलम. पुतणी नुकतीच पोलीस भरतीत निवडली गेलेली. चारित्र्य पडताळणीत हे कलम आलं की नोकरीवर पाणी. पोरगी घाबरून पळाली.

खबऱ्याचा फोन आला, ती वेळापूरला मावशीकडे आहे. आमच्या हवालदार बाई तिला घेऊन आल्या.

"कातर दोघांनी वढली, लागली, ते कबूल हाय," ती म्हणाली. "पर शीर न्हाय तुटली साहेब. दुसऱ्या दिशी काका त्याच हातानं कोकरू उचलत हुते की."

मी चुलत्याला बोलावलं. तो तावातावानं आला. "हितं बगा," म्हणत त्यानं दोन्ही हातांचे अंगठे करंगळ्यांना टेकवून मनगटं आत वाकवली. उजव्या हातावर मधोमध दोरीसारखी शीर टरारली. डावं मनगट सपाट. "हिकडची कुटं गेली मग?"

माणूस खोटं बोलत नव्हता. अशी तक्रार सगळ्यांत अवघड.

ठाण्यात एकानं काही करून दाखवलं की सगळे करून बघतात. लिखापढी बघणाऱ्या रायटरनं बोटं जुळवली, पहाऱ्यावरच्यानं जुळवली. हवालदार बाई मात्र आपली मनगटं उलटसुलट करत राहिल्या.

"साहेब, माझ्या तर दोन्ही हातांना नाही. माझ्या कुणी कापल्या?"

दुसऱ्याच दिवशी चुलत्याला सोलापूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफी झाली.

"तुटली असती तर टोकं दिसली असती," डॉक्टर म्हणाले. "ती दोरीसारखी शीर ज्या स्नायूची, तो स्नायूच इथे नाही, जन्मापासून. कुणाला दोन्ही हातांना असतो, कुणाला एकाच, कुणाला अजिबात नसतो. जगात कुठे असे लोक जास्त, कुठे कमी. ताकदीत फरक पडत नाही."

"म्हंजी हात बरा हाय माजा?"

"पहिल्यापासून बराच आहे."

चुलत्यानं मूठ मिटली, उघडली, परत मिटली. डोळे भरून आले त्याचे. "पोरीला उगं वनवास घडवला मी," म्हणाला.

गंभीर दुखापतीचं कलम वगळलं. उरलेलं न्यायालयात तडजोडीनं मिटलं, आणि पडताळणीत मी खरं तेच कळवलं. पोरगी रुजू झाली.

नोकरीभर मी नाहीशा झालेल्या गोष्टी शोधत आलो. गोष्ट मुळात होती का, हे आधी विचारावं, एवढं या प्रकरणानं शिकवलं. कमी दिसलं की कुणीतरी नेलं, असं आपण फार लवकर ठरवतो.

तिच्या दीक्षांत संचलनाला चुलता माझ्या शेजारी बसला होता. तिची तुकडी समोरून गेली, तशी त्याच्या टाळ्या थांबेनात. पलीकडच्या अनोळखी माणसाला हलवून तो सांगत होता, "ती तिसरी बगा, आमची हाय."