वन्संना फट खपत नाही

वन्संबद्दल, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीबद्दल, कोणी गोड बोलायला लागलं की मी आधी विचारते, तुम्ही त्यांच्याबरोबर एक तरी हिवाळा काढलाय का? नाही ना? मग राहू द्या. गल्लीत त्यांना टाचणीताई म्हणतात. एक तर काम करताना ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असतात, आणि त्या काढून बोलायला लागल्या की वाटतं, होत्या तिथेच बऱ्या होत्या. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं मी नवी नवरी असताना विचारलं होतं. म्हणाल्या, "माप जमलं नाही."

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, त्या खाली, गल्लीकडच्या एका खोलीत. खोलीत शिवणयंत्र, कापायचं टेबल, पलंग आणि कोपऱ्यात लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी. तिचं धुराडं भिंतीतून बाहेर पडतं आणि आमच्या खिडकीशेजारून वर जातं. दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पांढरे कोट शिवायचं काम वन्संकडे आहे. काम इतकं चोख की दवाखान्याने दुसरा शिंपी कधी बघितला नाही. आणि तोंड असं की बघितला असता तरी त्यांना सांगायची कोणाची हिंमत झाली नसती.

आता शिवणाऱ्याच्या डोळ्याला फट म्हणजे चूक. दोन कापडांमधून उजेड दिसला की तो बंद करायचा. तोच कायदा वन्संनी खोलीला लावला. दाराखाली वाळू भरलेली लांब पिशवी. खिडकीच्या चौकटीला कोटांच्या चिंध्या, वळून, टाके घालून, सुरीने ठासलेल्या. शेगडीच्या मागे भिंतीत एक जाळी आहे, शेगडी बसवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली. त्या जाळीवरही वन्संनी पडदी शिवली. साधी नाही, अस्तर लावलेली, कडा दुमडलेली, चारी कोपऱ्यांना हुक.

"अहो वन्सं, आग जळायला हवा लागते," मी म्हटलं.

"येते की दारातून."

"दाराखाली तुम्ही वाळूची पिशवी ठेवलीय."

"माणसं आली-गेली की येते."

"कोण येतं तुमच्याकडे?"

यावर त्यांनी टाचण्या तोंडात घातल्या आणि विषय संपवला.

शेगडी कशी वापरायची हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. तेच तर दुखणं. कळतं पण वळत नाही. लाकूड फोडून, छपराखाली रचून, वर्षभर वाळवून मग जाळायचं, हे त्या शेजारच्या बेकरीवाल्याला ऐकवतात. स्वतः मात्र लाकूडवाल्याने ओलं लाकूड टाकलं की तेच घालतात, कारण ते हळू जळतं आणि शेगडी लवकर भुकेजत नाही. हळू जळतं म्हणजे नुसतं धुमसतं, आणि धुराड्याला आतून डांबरासारखी काजळी धरते. ती काजळी एखाद्या दिवशी पेट घेते. मी सांगते, त्या ऐकतात, मान हलवतात. पालथ्या घड्यावर पाणी.

राखेचंही तेच. झाकणाचा पत्र्याचा डबा दिलाय, राख त्यात काढायची, बाहेर ठेवायची, पूर्ण थंड झाल्यावरच टाकायची. वन्सं राख कागदी पिशवीत भरून दाराआड ठेवत होत्या. का, तर डबा वाजतो. मी पिशवीला हात लावला, पिशवी ऊबदार. तो डबा मी त्यांच्यासमोर जमिनीवर तीनदा आपटून दाखवला. म्हणाल्या, "बघ, वाजतो ना?"

शेवटी यांनी विषारी वायूचा अलार्म आणला. धुराला वाट मिळाली नाही की जो वायू खोलीत साठतो त्याला वास नसतो, रंग नसतो, माणसाला नुसती झोप येते. हे यंत्र तो ओळखतं आणि बोंबलतं. यांनी ते पलंगाशेजारी भिंतीवर लावलं, आपल्या बहिणीला समजावलं, दोनदा वाजवून दाखवलं. मला जरा बरं वाटलं. म्हटलं, माझं नाही तर निदान यंत्राचं ऐकतील.

आठवड्याने खाली गेले तर अलार्मला खोळ. मी खोटं सांगत नाही. रेक्झिनची, आत मऊ अस्तर, आणि बारीक दिवा दिसावा म्हणून समोर नीट काज केलेलं. धूळ बसते म्हणे. वन्संच्या खोलीत रेडिओला खोळ, किटलीला खोळ, कात्रीला खोळ, मग यानेच काय घोडं मारलं होतं? मी ती ओढून काढली. दुसऱ्या दिवशी परत घातली होती. मी परत काढली. मग त्यांनी तिला मागून नाडी शिवली. मी हात टेकले. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "दिवा लुकलुकतोय ना? मग चालू आहे." भाऊ-बहीण एकाच कापडातले.

त्या हिवाळ्यात वन्संचं डोकं दुखायला लागलं. त्या म्हणायच्या, चष्म्याचा नंबर बदललाय. बाहेर पडलं की डोकं थांबतं, घरी आलं की धरतं, कारण चष्मा घरीच लावते. हिशोब असा पक्का की मलाही पटला. मी त्यांना चष्मेवाल्याकडे नेलं. नवा चष्मा आला. डोकं दुखतच राहिलं आणि त्याचा राग चष्मेवाल्यावर निघाला. बिचारा.

धुराडं साफ करणारा दर वर्षी थंडीच्या आधी येतो. त्या वर्षी तो ब्रश आणि साखळी घेऊन दारात उभा राहिला होता आणि वन्संनी त्याला आत घेतलं नव्हतं. टेबलावर पांढरे कोट पसरलेले होते. काजळीचा एक कण पडला तर तू धुऊन देणार का, असं विचारलं. तो म्हणाला, कोट झाकून ठेवू, चादर टाकू. वन्सं म्हणाल्या, "आधी कोट जातील, मग तू ये." कोट गेले की नवे आले. तो गडी दोनदा येऊन परत गेला आणि मग त्यानेही नाद सोडला. मला हे कळलं तेव्हा मी जिन्यातच भांडायला उभी राहिले. वन्संनी मला पूर्ण बोलू दिलं आणि म्हणाल्या, "दार लाव, गारवा येतो."

आमच्या घरी दिवसभर खालच्या मशीनचा आवाज येतो. त्याची इतकी सवय आहे की तो ऐकूच येत नाही. एका दुपारी मी भांडी घासत होते आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. नळ बंद केला. मशीन बंद होतं. ही त्यांची झोपायची वेळ नव्हे, आणि त्या दुपारी झोपणाऱ्यांतल्या नव्हेतच. मी जिन्यावरून हाक मारली. उत्तर नाही. दार ढकललं तर वाळूच्या पिशवीने अडवलं. खांद्याने ढकलून आत गेले.

वन्सं मशीनवर डोकं टेकून बसल्या होत्या. गाल लालबुंद, तोंड उघडं, एका हाताखाली कोटाची बाही. अलार्म आपल्या खोळीत होता, दिवा लुकलुकत होता, आवाज काही नाही; त्या अस्तरातून वायू आत पोचलाच नव्हता. मी दार सताड उघडलं. खिडकी उघडेना, चिंध्या इतक्या ठासलेल्या. पत्र्याचा राखेचा डबा उचलला आणि काच फोडली. मग त्यांना काखेत धरून फरफटत गल्लीत आणलं. किती शिव्या दिल्या ते विचारू नका. बेकरीवाला म्हणतो, सगळ्या गल्लीने ऐकल्या. मला फक्त एवढं आठवतं की त्या श्वास घेत होत्या आणि मी त्यांना "मरू नका, खबरदार मेलात तर" असं म्हणत होते.

दवाखान्यात नळी लावली, प्राणवायू दिला. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले. तरुण डॉक्टर वाकून विचारत होता, आजी, मी कोण ते कळतंय का? वन्संनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या गळ्याकडे, आणि म्हणाल्या, "कॉलरला इस्त्री उलटी केलीस." मी बाहेर जाऊन रडले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण मला त्या दिवशी तो पीळ बघूनच धीर आला.

आता यांनी एक घाव दोन तुकडे केले. शेगडी काढायची, खालची खोली बंद करायची, ताई वर येईल, शिवण बंद. मी म्हटलं, बरोबर आहे. मनात मी आधीच भांडणाची तयारी केली होती, कारण वन्सं हे मुळीच ऐकणार नाहीत.

त्यांनी ऐकलं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

मग वरच्या घरात आमच्या खिडकीपाशी त्या बसून राहायला लागल्या. हात मांडीवर. मी चहा दिला तर "छान झालाय" म्हणाल्या. माझा चहा. ज्याला त्यांनी वीस वर्षं गढूळ पाणी म्हटलंय. मी मुद्दाम पडद्याची शिवण उसवून ठेवली, समोर, दिसेल अशी. त्यांनी बघितली आणि तोंड फिरवलं. दिवसभर घरात कोणी माझ्या चुका काढत नव्हतं आणि मला चैन पडेना. माणूस जिवंत वर आणलं आम्ही, पण त्यात वन्सं नव्हत्या.

एकदा हे कामावर गेल्यावर मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. आता मला राग आवरत नव्हता.

"एकदाच सांगा. इतकं सांगत होते, तरी ऐकलंत का नाही? डोकं दुखत होतं, गरगरत होतं. एवढ्या हुशार बाईला कळलं नाही?"

"कळत होतं."

"काय?"

"शेवटी शेवटी कळत होतं, की खोलीतच काहीतरी आहे. बाहेर गेलं की मोकळं वाटायचं."

"मग खिडकी का नाही उघडलीत?"

वन्संनी हात वर केले. बोटांचे सांधे सुजलेले, दोन बोटं पुरती मिटेनात. मी ते हात रोज बघत होते आणि कधी बघितलेच नव्हते.

"गारठा आला की सुई धरता येत नाही," त्या म्हणाल्या. "खोली तापली की दुपारपर्यंत चालतात. बोटंच चालली नाहीत, तर मोकळं डोकं घेऊन करू काय?"

 मग मला भयंकर राग आला, त्यांचा, माझा, यांचा, त्या शेगडीचा, सगळ्यांचा. मी उठले आणि थेट धुराडेवाल्याकडे गेले.

त्याने धुराड्यातून बादलीभर काजळी काढली, वर टोपीत अडकलेलं पाखराचं घरटं काढलं. शेगडीच्या दाराच्या कडेची, धूर अडवणारी झिजलेली दोरी बदलली. मी जाळीवरची पडदी हुकांसकट उचकटली, चिंध्या काढल्या, काच बसवून घेतली. कापायचं टेबल आणि कपडे शेगडीपासून लांब सरकवले. वाळलेलं लाकूड बेकरीवाल्याकडून आणलं. नवा अलार्म लावला, उघडा. हे संध्याकाळी येऊन बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आपलं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं," मी म्हटलं. "त्या वर बसून रोज थोड्या थोड्या मरतायत. ते दिसत नाही, कारण त्यालाही वास नसतो."

यांनी नव्या अलार्मचं बटण दाबून तो एकदा वाजवून बघितला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वन्संना खाली घेऊन गेले. खोली स्वच्छ, उघडी आणि भयंकर गार. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. खिडकीची प्रत्येक फट त्यांना दिसत होती, मला माहीत आहे, आणि त्यांचे डोळे तिथे तिथे अडखळत होते. मी मनात म्हटलं, आता इथेही "बरं" म्हणाल्या तर मी काय करू?

त्यांनी धुराड्याची झडप पूर्ण उघडली. बारीक काटक्या रचल्या, वर दोन वाळकी लाकडं. मग काडेपेटी हातात घेतली. पहिली काडी मोडली. दुसरी बोटांतून निसटून पडली. तिसरीही मोडली. माझा हात पुढे जात होता, मी तो पदराखाली दाबून धरला. वन्सं माझ्याकडे बघत नव्हत्या. पुढची काडी त्यांनी दोन्ही हातांच्या मध्ये, मुठीत धरावी तशी धरली आणि ओढली. पेटली.

काटक्यांनी जाळ धरला. धूर सरळ वर गेला. वन्सं थोडा वेळ शेगडीसमोर हात धरून उभ्या राहिल्या.

"खिडकी उघड जरा," त्या म्हणाल्या.

मी बोटभर उघडली.

"अजून."

मी अजून उघडली. गार वारा सरळ त्यांच्या हातांवर आला. त्यांनी हात मागे घेतले नाहीत. बोटांकडे बघत म्हणाल्या, "उद्यापासून काजबटणं तू करायचीस. बारीक काम मला होणार नाही आता. आणि वाकडं केलंस तर उसवीन."