माझ्या चेहऱ्याचा नमुना

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायचे कारखाने आहेत. त्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं छटा जुळवते आहे. गिऱ्हाइकाकडून कापडाचा एक तुकडा येतो, त्याला आम्ही स्टँडर्ड म्हणतो. आमच्या मालाचा रंग त्या तुकड्याशी जुळला तर पास, नाही जुळला तर फेल. भलेभले सुपरवायझर माझ्या टेबलासमोर उभे राहून ‘मॅडम, उन्नीस-बीस का तो फर्क है’ म्हणून गयावया करतात. मी फेल म्हटलं की फेल. घरीही पडद्यांपासून नवऱ्याच्या शर्टांपर्यंत सगळं माझ्या नजरेखालून जातं. मोरपंखी आणि हिरवा हे दोन वेगळे रंग आहेत हे नवऱ्याला लग्नानंतर कळलं, पण पटलं अजूनही नाही. कुठलेही दोन नमुने समोर धरा, त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘दोन्ही सारखेच तर आहेत.’

तेव्हा लेकीचा साखरपुडा ठरल्यावर मेकअपच्या दुकानात जाताना मला कुणाच्या सल्ल्याची गरज वाटली नाही, यात नवल नव्हतं. लेकीने मात्र एक अट घातली होती. ती पालघरला एका ऑफिसात नोकरी करते, हॉलही तिनेच तिकडचा ठरवला होता. म्हणाली, “आई, साडी कुठलीही नेस, दागिने काय हवे ते घाल. फक्त फोटोत आपण मायलेकी दिसलो पाहिजे.”

तिला काय म्हणायचंय ते मला बरोबर कळलं, आणि म्हणूनच झोंबलं. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये हनुवटीपर्यंत मी पांढरीफटक आहे आणि हनुवटीच्या खाली गव्हाळही नाही, चांगली सावळी. ‘मान विसरली वाटतं रंगवायची,’ असं एक आत्याबाई भर मांडवात म्हणाल्या होत्या. लेक चार वर्षांची असताना त्या फोटोवर बोट ठेवून मला विचारायची, “ही कोण?” तेव्हा आम्ही सगळे हसायचो. पण पुढेही प्रत्येक समारंभाला मी त्याच उजळ नंबरचा कॉम्पॅक्ट थापत आले, आणि माझ्यासारखीच सावळी असलेली माझी लेक प्रत्येक फोटोत माझ्याशेजारी उभी, शेजारच्यांची मुलगी सोबत आणल्यासारखी. तिला आता तिच्या स्वतःच्या समारंभात तरी आई हवी होती.

मी ठरवलं, या वेळी चांगल्यातलं घ्यायचं. आणि बावीस वर्षांच्या सवयीने मी पर्समध्ये काय टाकलं असेल? तो जुना कॉम्पॅक्टचा डबा. कोपऱ्यात थोडी पावडर उरली होती. छटा जुळवायची तर स्टँडर्ड नको का सोबत?

बोईसर स्टेशनजवळच्या त्या दुकानात मेकअपच्या काउंटरवर बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी होती. इथल्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावची, हे तिने मला पुढे सांगितलं. मी डबा तिच्यापुढे ठेवला आणि प्रयोगशाळेतल्या आवाजात म्हटलं, “याच्याशी जुळणारं दाखव.”

तिने डबा उघडला, पावडर बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, कोणासाठी हाय?”

“माझ्यासाठी.”

“मग ह्यो डबा कशाला आणला? तोंड आणलंय ना तुमी.”

माझं डोकं तापलं. म्हटलं, “बाळ, मी गेली बावीस वर्षं छटाच जुळवते.”

“मग तर बरंच हाय. तुमाला लगेच कळंल.”

तिने कानाखालून मानेकडे फाउंडेशनच्या तीन रेघा ओढल्या आणि आरसा धरला. दुकानात ट्यूबलाईटचा लखलखाट. मी क्षणाचाही विलंब न लावता सगळ्यात उजळ रेघेवर बोट ठेवलं. “ही. पास.”

“बाहेर चला,” ती म्हणाली.

हाताला धरून तिने मला पायऱ्या उतरवून थेट रस्त्यावर आणलं. समोर रिक्षांची रांग. मी एका गालावर तीन पट्टे घेऊन भर उन्हात उभी, आणि रिक्षावाले फुकटचा तमाशा बघताहेत. तिला त्याचं काही नव्हतं. तिने आरसा माझ्या गालाशी तिरका धरला. मी पास केलेली रेघ खडूने ओढल्यासारखी वेगळी दिसत होती. दुसरी जरा बरी होती.

“तिसरी पुसली गेली का?” मी विचारलं.

“पुसली नाय. हाय तिथंच.”

मी डोळे बारीक करून शोधली. सापडेना. ती रेघ माझ्या कातडीत मिळून गेली होती.

“माझी आय मासळी विकते,” ती म्हणाली. “बल्बच्या उजेडात शिळं पापलेट पण ताजं दिसतं. शाणी बाई टोपली उन्हात वडून बगते.”

मला पापलेटांच्या रांगेत बसवलं ते काही मला आवडलं नाही. पण रंग ट्यूबखाली जुळतो आणि उन्हात वेगळा दिसतो, एवढ्याच कारणावरून मी आजवर ट्रक भरतील इतके कापडाचे तागे परत पाठवले होते.

“आता धा मिनटं थांबा,” ती म्हणाली. “सुकू दे, मंग बगू.”

तिथे मात्र मी तिला मानलं. आमच्याकडेही ओल्या नमुन्यावर शेरा मारत नाहीत. तुकडा इस्त्रीने सुकवायचा, निववायचा आणि मगच बघायचा. मी कौतुकाने तिला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग मॅडम, स्वतःच्या तोंडाला का नाय असं बगत?”

मी लिपस्टिकच्या ट्रेकडे वळले. एक गुलाबी उचलली. “ही ड्रॉवरमध्ये ठेवायला चांगली हाय,” ती म्हणाली आणि माझ्या हातात विटकरी दिली. मग मी महागातलं काजळ मागितलं. तिने माझ्या डोळ्यांतलं काजळ निरखलं, “तुमचं हायेच चांगलं, कशाला नवीन?” म्हणाली आणि काजळ जागेवर ठेवून दिलं. विकायला बसवलेली मुलगी वस्तू परत ठेवते, हा प्रकार मी पहिल्यांदाच बघत होते. दहा मिनिटांनी आम्ही पुन्हा उन्हात गेलो. तिसरी रेघ तेव्हाही सापडली नाही. मी तीच बाटली घेतली आणि घरी आले.

संध्याकाळी लेक आली तेव्हा मी बाटली टेबलावर मांडून बसले होते. मी दुकानातली हकीकत सांगत असताना तिने ती उचलली, उलटी करून नंबर वाचला आणि पर्समधून स्वतःची बाटली काढून शेजारी ठेवली. नंबर तोच. अर्धी संपलेली.

“दोन वर्षं हीच वापरतेय,” ती म्हणाली. “त्या दांडीच्या मुलीनेच दिली. मलाही उन्हात उभं केलं होतं.”

“मग मला सांगायचं नाही का?”

“तू म्हणाली असतीस, एक नंबर वरची घे.”

म्हणालेच असते. सातवीच्या गॅदरिंगला तिच्या तोंडावर पावडर मी थापली होती. मुलाकडचे पहिल्यांदा घरी आले तेव्हा ‘जरा उजळ लाव गं’ असं स्वयंपाकघरातून मीच पुटपुटले होते. कारखान्यात कुणाचा माल फेल करायचा तर मी तीनदा तपासते. पोरीला मात्र तिच्या लहानपणापासून न तपासता फेल करत आले होते, तेही तो डबा स्टँडर्ड धरून. मला फार लाज वाटली.

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

तिने माझा गाल खिडकीकडे वळवून नीट बघितला. “कारखान्यात एवढी चूक केली असतीस तर?”

“घरी बसवलं असतं.”

“मग बस घरी. मी चहा टाकते,” ती म्हणाली आणि जाता जाता तिने तो जुना डबा केराच्या टोपलीत टाकला. मी अडवलं नाही.

साखरपुड्याच्या दिवशी तिने स्वतः माझ्या तोंडाला रंग लावला, मानेसकट. आमचा दोघींचा फोटो काढून झाल्यावर फोटोग्राफर अगदी आपुलकीने म्हणाला, “काकू, दोघींना थोडं उजळ करून देतो.” मी प्रयोगशाळेतला आवाज काढला. “हात लावायचा नाही.” तो बिचारा पुढच्या पाहुण्यांकडे वळला.

आठवड्याने फोटो आले. नवऱ्याने चष्मा लावला, आमचा फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला आणि आयुष्यभराचं तेच उत्तर दिलं: “दोघी सारख्याच तर आहात.”

या वेळी मी त्यांना चूक म्हटलं नाही.